इन्योच्या जंगलात मुक्काम: आधी उंची ठरवा, मग जागा

कॅलिफोर्नियाच्या पूर्व कडेला, नेवाडाच्या सीमेलगत, इन्यो नॅशनल फॉरेस्ट सुमारे 20 लाख एकरांवर पसरलेलं आहे. नावात फॉरेस्ट असलं तरी झाडांची अपेक्षा बेतानेच ठेवा. 1907 साली थिओडोर रूझवेल्ट यांनी हे जंगल जाहीर केलं, तेव्हा त्यातल्या बऱ्याच जमिनीवर सेजच्या झुडपांपलीकडे काही नव्हतं. लॉस एंजेलिसला पाणी नेणाऱ्या कालव्यासाठी ती जमीन राखायची, हा त्यामागचा एक हेतू होता. आज याच हद्दीत वाळवंटी उतार आहेत, ज्वालामुखीची राख आहे, जेफ्री पाइनची मोठी राई आहे, हिमतळी आहेत, साडेचार हजार वर्षांहून जुनी झाडं आहेत आणि 14,505 फुटांचा माउंट व्हिटनीही आहे. अलास्का आणि हवाई वगळता अमेरिकेतलं सर्वांत उंच शिखर ते हेच.

एवढी विविधता एकाच कारणाने येते: उंची. लोन पाइन हे पायथ्याचं गाव 3,700 फुटांवर, आणि तिथून गाडीने पाऊण तासात 8,300 फुटांवरच्या व्हिटनी पोर्टलला पोहोचता येतं. आपल्या कळसूबाईचा माथा 1,646 मीटरवर, म्हणजे 5,400 फुटांवर आहे. इन्योतले बहुतेक कॅम्पग्राउंड त्याहून दोन ते चार हजार फूट वर आहेत. गडावर पथारी पसरून झोपायची सवय असलेला माणूस इथे फसतो तो यामुळेच. किती थंडी पडेल, डाळ शिजेल का, शेकोटी पेटवता येईल का, डोकं दुखेल का, रस्ता उघडा असेल का, हे सगळं उंचीच्या आकड्यावर ठरतं. म्हणून फोटो बघून जागा निवडू नका. आधी आकडा बघा.

कोणत्या महिन्यात किती उंचीवर

दर 1,000 मीटर चढलं की हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते. जुलैत बिशप गावात दुपारी 38 अंश असेल, तर तिथून तीस किलोमीटरवर, सुमारे 9,100 फुटांवरच्या लेक सॅब्रिनापाशी 28 च्या आसपास असेल. पण हा झाला दिवसाचा हिशोब. हवा कोरडी, आभाळ मोकळं, त्यामुळे सूर्य डोंगराआड गेला की तासाभरात स्वेटर लागतो. ऐन जुलैतही 10,000 फुटांवर पहाटे बाटलीतल्या पाण्यावर बर्फाची पापडी दिसली तर नवल नाही.

एप्रिल-मेमध्ये 7,500 फुटांच्या खालीच राहा. वरचे कॅम्पग्राउंड बर्फ वितळल्यावर, बहुधा जूनच्या मध्याला उघडतात आणि ऑक्टोबरच्या मध्याला बंद होतात. सॅन फ्रान्सिस्कोच्या बाजूने येणाऱ्यांचा जवळचा रस्ता 9,943 फुटांच्या टायोगा खिंडीतून येतो. ती खिंड बहुधा नोव्हेंबरात बंद होते आणि मेअखेर किंवा जूनमध्ये उघडते. बर्फ जास्त पडलेल्या वर्षी त्याहूनही उशिरा. निघण्याच्या आदल्या दिवशी आणि त्याच दिवशी सकाळी, असं दोनदा रस्त्याची स्थिती तपासा. खिंड योसेमिटी पार्कातून जाते, त्यामुळे थांबला नाहीत तरी पार्कचं प्रवेशशुल्क लागतं. लॉस एंजेलिसकडून येणाऱ्यांना ही अडचण नाही, कारण 395 क्रमांकाचा महामार्ग वर्षभर डोंगरांच्या पायथ्याच्या खोऱ्यातूनच धावतो.

जून आणि जुलैचा पूर्वार्ध डासांचा. तळ्याकाठची हिरवी कुरणं फोटोत सुरेख दिसतात, पण तिथे संध्याकाळी उघड्यावर जेवण होत नाही. ऑगस्टमध्ये डास ओसरतात. वणव्याचा धूर मात्र तेव्हाच येण्याची शक्यता असते. सप्टेंबरचा दुसरा पंधरवडा आणि ऑक्टोबरचा पहिला आठवडा हा आमच्या मते सर्वांत चांगला काळ. बिशप क्रीक, मॅकगी क्रीक, लंडी आणि जून लेकच्या परिसरात ॲस्पेनची झाडं पिवळीधमक झालेली असतात, गर्दी निम्मी असते. मात्र रात्री शून्याखाली जाणार हे धरूनच सामान भरा.

पहिली रात्र खाली

बे एरिया, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोचा परिसर, समुद्रसपाटीला आहे. तिथून सकाळी निघून संध्याकाळी 10,000 फुटांवर तंबू ठोकला, तर चारपैकी एकाचं तरी डोकं रात्री ठणकणार. मळमळ, भूक मरणं, झोप न लागणं ही उंची बाधल्याची लक्षणं आहेत, आणि मुलं ती नीट सांगत नाहीत. नुसती किरकिर करतात. पहिली रात्र 7,000 ते 8,000 फुटांवर काढा. जून लेकजवळचं 'ओ रिज' किंवा 395 लगतचं ग्लास क्रीक, दोन्ही सुमारे 7,600 फुटांवर आहेत आणि या कामाला नेमके आहेत. दुसऱ्या दिवशी वर फिरून या, झोपायला शक्यतो खालीच या. तिसऱ्या रात्री 9,000 ते 10,000 चालेल.

पाणी नेहमीपेक्षा जास्त प्या, पहिल्या रात्री दारू टाळा, जेवण हलकं ठेवा. डोकेदुखी गोळीने आणि विश्रांतीने थांबत नसेल, उलट्या होत असतील, तर सकाळची वाट न पाहता गाडी काढून दोन-तीन हजार फूट खाली उतरा. चालताना तोल जायला लागला, बोलणं असंबद्ध झालं किंवा बसल्या जागी धाप लागली, तर खाली उतरून थेट इस्पितळ गाठा. डायमॉक्ससारखी गोळी घ्यायची असेल तर ती डॉक्टरांना विचारून, घरून निघण्याआधी.

जमीन कोणाची

इथे चार मालक एकमेकांना खेटून आहेत आणि प्रत्येकाचा नियम वेगळा. नॅशनल फॉरेस्ट कृषी खात्याच्या फॉरेस्ट सर्व्हिसकडे. तिथे कुत्रा चालतो, गुरं चरतात, बऱ्याच ठिकाणी ठरावीक कॅम्पग्राउंडबाहेरही राहता येतं. नॅशनल पार्क गृहखात्याकडे आणि नियम कडक; पश्चिमेची योसेमिटी आणि सिकोया-किंग्ज कॅन्यन ही पार्कं आणि डेव्हिल्स पोस्टपाइल हे स्मारक त्यात येतात. (आपल्याकडे गृहखातं म्हटलं की पोलीस आठवतात, इथे ते जमिनी सांभाळतं.) लोन पाइनजवळच्या अलाबामा हिल्स ब्यूरो ऑफ लँड मॅनेजमेंटकडे आहेत, त्यामुळे फॉरेस्टचा कागद तिथे कामाचा नाही. आणि खोऱ्याच्या तळातली बरीच जमीन चक्क लॉस एंजेलिस शहराच्या पाणीपुरवठा विभागाची आहे. नदीकाठी छान सावली दिसली म्हणून तंबू ठोकण्याआधी नकाशात मालक बघा.

मोनो लेकपाशी तर हद्दसुद्धा उंचीवरच ठरली आहे. 1941 साली लॉस एंजेलिसने या तळ्याचे ओढे वळवायला सुरुवात केली, तेव्हा पाण्याची पातळी 6,417 फुटांवर होती. तळं आटून उघडी पडलेली, त्या पातळीखालची जमीन आता राज्याच्या संरक्षणात आहे आणि तिथे मुक्कामाला बंदी आहे. साउथ टुफाचे चुनखडीचे खांब पहाटे किंवा सूर्यास्ताला बघावेत आणि झोपायला वरच्या पाइनच्या राईत यावं. कयाक नेणार असाल तर 1 एप्रिल ते 1 ऑगस्ट पक्ष्यांच्या विणीसाठी बेटांच्या एक मैल आत जायचं नाही.

कॅम्पग्राउंड की मोकळी जागा

कुटुंबाबरोबर पहिल्यांदा येत असाल तर कॅम्पग्राउंडच घ्या. ठरलेल्या जागेत टेबल, शेकोटीचं लोखंडी कडं, बहुतेक ठिकाणी अस्वलापासून अन्न ठेवायची लोखंडी पेटी आणि जवळ खड्ड्याचा संडास असतो. अंघोळीची सोय धरू नका. बुकिंग रिक्रिएशन डॉट गव्ह या सरकारी संकेतस्थळावर बहुतेक जागांसाठी सहा महिने आधी, पॅसिफिक वेळेनुसार सकाळी 7 वाजता उघडतं. जुलै-ऑगस्टचे शनिवार काही मिनिटांत संपतात. खातं आधी उघडून, कार्डाची माहिती भरून, 6:55 ला तयार बसा आणि शुक्रवारऐवजी बुधवार किंवा गुरुवारपासून सुरुवात होणाऱ्या तारखा शोधा. काही कॅम्पग्राउंड 'आधी येईल त्याला' तत्त्वावर आहेत. तिथे गुरुवारी सकाळी 10 ते 12 या वेळात पोहोचलं की जागा सुटताना मिळते. शुक्रवारी संध्याकाळी गेलात तर नुसत्या फेऱ्या मारून परत याल. पैसे पाकिटात घालून पेटीत टाकायचे असतील तर दुकान जवळ नसतं, म्हणून सुट्या नोटा ठेवा.

मोकळ्या जागी राहायचं तर फॉरेस्ट सर्व्हिसचा 'मोटर व्हेइकल यूज मॅप' मोबाइलवर उतरवून घ्या. तो दिसायला कंटाळवाणा आहे, पण कुठल्या कच्च्या रस्त्यावर गाडी नेणं कायदेशीर आहे हे त्यातच कळतं. मॅमथ गाव आणि जून लेकच्या मधली जेफ्री पाइनची राई यासाठी उत्तम: सपाट, सावलीची, उंची साडेसात-आठ हजारांच्या आसपास. (खोडाच्या भेगेला नाक लावून वास घ्या, व्हॅनिलासारखा येतो.) आधी वापरलेली, मातीची उघडी जागाच निवडा. गाडी रस्त्यापासून तिच्या लांबीहून आत घुसवू नका. वाळलेल्या गवतावर तर उभी करूच नका, तापलेल्या सायलेन्सरने गवत पेटतं. इथे नळ, संडास, कचरापेटी काही नाही. माणशी दिवसाला 6 लिटर पाणी धरा: पिण्याला चार, स्वयंपाक-भांड्यांना दोन.

तंबू आणि अंथरूण

मॅमथच्या आसपासची जमीन म्हणजे प्यूमिस, टाच घासायच्या हलक्या सच्छिद्र दगडाचा चुरा. त्यात तंबूबरोबर आलेल्या बारीक तारेच्या खुंट्या धरत नाहीत. दुपारी वारा सुटला की तंबू पतंग होतो. 20 सेंटिमीटर लांबीच्या, तीन पाख्यांच्या खुंट्या आणा. त्याही उपटल्या तर दोरीला खुंटी आडवी बांधून वीतभर खोल पुरा आणि वर दगड ठेवा. सगळे ताणदोर बांधा, आभाळ निरभ्र असलं तरी. संध्याकाळी कड्यावरून खाली येणारा वारा इथला रोजचा पाहुणा आहे. तंबू लावण्याआधी वर बघा: वाळून उभी असलेली झाडं आणि लोंबणाऱ्या मोठ्या फांद्या यांच्या टप्प्यात झोपायचं नाही.

मॅमथ माउंटनच्या पायथ्याला हॉर्सशू लेकपाशी जमिनीतून कार्बन डायऑक्साइड वर येतो. तिथली कित्येक एकर झाडं 1990 च्या दशकात उभ्या उभ्या मेली. हा वायू हवेपेक्षा जड, खोलगट जागी साचतो, वास येत नाही. तिथल्या पाट्या वाचा, मुलांना खड्ड्यात किंवा बर्फाच्या घळीत खेळू देऊ नका, तंबूचा तर विचारही नको. जवळच्या हॉट क्रीकच्या निळ्या गरम पाण्यात उतरायलाही 2006 पासून मनाई आहे, कारण उकळतं पाणी कुठून उसळेल ते सांगता येत नाही.

स्लीपिंग बॅगवर दोन आकडे असतात, 'कम्फर्ट' आणि 'लिमिट'. दुकानदार दुसरा दाखवतो, तुम्ही पहिला बघा. उन्हाळ्यात 9,000 फुटांच्या वर कम्फर्ट उणे 5 सेल्सिअसची बॅग घ्या. पण त्याहून मोठी चूक खाली होते. घरातली फुगवायची गादी आणली तर आतली हवा रात्री थंड पडते आणि पाठ गारठते, वर दोन रजया असल्या तरी. गादी गारठा किती अडवते ते सांगणारा 'आर' आकडा तिच्यावर छापलेला असतो. उन्हाळ्यात 3, सप्टेंबरअखेर 4 च्या वर हवा. असा आकडा नसलेली गादी असेल तर तिच्यावर बंद पेशींच्या फोमची चटई टाका. गारठा वाढला म्हणून तंबूत शेगडी किंवा निखारे आणू नका. कार्बन मोनॉक्साइडने झोपेतच जीव जातो. उकळतं पाणी घट्ट झाकणाच्या बाटलीत भरून, मोज्यात घालून पायाशी घ्या.

चूल, गॅस आणि न शिजणारी तूरडाळ

9,000 ते 10,000 फुटांवर पाणी 90 अंशांच्या आसपासच उकळतं. बुडबुडे जोरात येतात, पण उष्णता तेवढी नसते. त्यामुळे उघड्या पातेल्यात तूरडाळ दीड तासानेही कडक राहते आणि गॅस संपतो. दोनच उपाय आहेत. गाडीने येत असाल तर तीन लिटरचा कुकर आणा. घरी तीन शिट्ट्या लागत असतील तर इथे चार-पाच द्या. पाठीवर सामान असेल तर डाळ विसरा आणि आधीच शिजलेलं किंवा भाजलेलं न्या.

मराठी स्वयंपाकघर या बाबतीत नशीबवान आहे. दडप्या पोह्यांना चूलच लागत नाही: पातळ पोहे, सुकं खोबरं, दाणे, मीठ-साखर आणि घरी करून गार केलेली कोरडी फोडणी एका पिशवीत, खायच्या वेळी कांदा, लिंबू आणि माणशी चार-पाच चमचे पाणी. उपम्यासाठी एक वाटी रवा फोडणीसकट खमंग परतून, गार करून भरा. कॅम्पवर अडीच वाटी उकळतं पाणी ओता, ढवळा, झाकण ठेवून पातेलं टॉवेलात गुंडाळा आणि दहा मिनिटं थांबा. समुद्रसपाटीला पाच मिनिटांत होतं, इथे दहा लागतात. मेतकूट आणि कोरडी चटणी यांना तोड नाही.

वर चढताना हवेचा दाब कमी होतो, त्यामुळे चिवड्याची बंद पाकिटं फुग्यासारखी टरटरतात आणि लोणच्याच्या बरणीतून तेल झिरपतं. पाकिटांना आधीच टाचणीने भोक पाडून चिकटपट्टी लावा. बरणी वाटेत एकदा उघडून पुन्हा बंद करा.

गॅसच्या छोट्या डब्यांत ब्यूटेन, आयसोब्यूटेन आणि प्रोपेन यांचं मिश्रण असतं. नुसत्या ब्यूटेनची लांब, स्वस्त डबी समुद्रसपाटीला शून्य अंशाच्या जवळ वायू द्यायचंच बंद करते. पहाटे चहा हवा असेल तर ती घेऊ नका. आयसोब्यूटेन-प्रोपेनची घ्या आणि रात्री बॅगेत जवळ ठेवा. दोघांना तीन दिवस चहा आणि साध्या जेवणाला 230 ग्रॅमची एक डबी पुरते. वारा अडवायला शेगडीभोवती पूर्ण बंद पत्रा लावू नका, डबी तापून फुटू शकते. तीन बाजू पुरे.

शेकोटीचा कागद

कॅम्पग्राउंडबाहेर शेकोटीच नव्हे, गॅसची शेगडी पेटवायलाही 'कॅलिफोर्निया कॅम्पफायर परमिट' लागतं. ते फुकट आहे: संकेतस्थळावर छोटी चित्रफीत बघायची, चार प्रश्नांची उत्तरं द्यायची, कागद छापायचा. त्या वर्षाच्या 31 डिसेंबरपर्यंत चालतं. बरोबर फावडं आणि पाणी हवंच, आणि आगीभोवती सगळ्या बाजूंनी पाच फूट जमीन पानं-काटक्या काढून मातीपर्यंत साफ हवी.

परमिट म्हणजे मात्र परवानगी नव्हे. उन्हाळ्यात आगीवर निर्बंध येतात. ते कडक झाले की लाकडाची शेकोटी बंद होते, आणि बटणाने विझणारी गॅसची शेगडी बहुधा चालते. ज्या दिवशी निघाल त्या दिवसाचा आदेश बघा. शिवाय साधारण 10,000 फुटांच्या वर रानात शेकोटीला कायमची बंदी आहे, आणि व्हिटनीच्या वाटेसारख्या काही ठिकाणी त्याखालीही. तिथे झाड इंच इंच वाढायला दशकं घेतं, आणि पडलेलं लाकूडच मातीला खत देतं.

सरपण घरून आणू नका, त्यातून झाड पोखरणारे किडे जंगलात येतात. जिथे जाळणार तिथलंच विकत घ्या. विझवताना निखाऱ्यांवर माती लोटणं ही जुनी खोड सोडा. मातीखाली निखारा रात्रभर जिवंत राहतो आणि दुसऱ्या दिवशीच्या वाऱ्याने उठतो. पाणी ओता, फावड्याने ढवळा, पुन्हा ओता, आणि हाताची पालथी बाजू राखेजवळ नेऊन, मग राखेत घालून बघा. चटका बसला तर विझलेली नाही.

अस्वल

इथे फक्त काळं अस्वल आहे. रंग तपकिरी किंवा बदामीही असतो, जात तीच. ते माणसाच्या मागे लागत नाही, वासाच्या मागे लागतं. त्याच्या लेखी अन्न म्हणजे नुसती पोळीभाजी नव्हे: टूथपेस्ट, खोबरेल तेल, साबण, सनस्क्रीन, ओले टिश्यू, रिकामी बरणी, मुलांच्या गाडीतल्या खुर्चीत सांडलेली बिस्किटं, सगळं. गाडीचं दार ते डब्याच्या झाकणासारखं सोलतं. कॅम्पग्राउंडमध्ये हे सगळं लोखंडी पेटीत, कडी पूर्ण बसवून. स्वयंपाक चालू असतानासुद्धा पेटी उघडी टाकायची नाही.

रानात चालत जाणार असाल तर बऱ्याच भागांत कडक प्लॅस्टिकचा अस्वलरोधक डबा सक्तीचा आहे. व्हिटनीची वाट आणि कीअरसार्ज खिंडीची वाट त्यात येतात. अन्न झाडाला टांगणं इथे चालत नाही, अस्वलं त्यात पटाईत झाली आहेत. डबा गावातल्या दुकानांत भाड्याने मिळतो. साडेअकरा लिटरच्या डब्यात एका माणसाचं आठवड्याभराचं कोरडं अन्न बसतं, पण पाकिटांतली हवा काढली तरच. पहिल्या दिवसाचं जेवण बाहेर ठेवलं तरी चालतं, ते रात्रीआधी संपतं. डबा तंबूपासून तीसेक मीटरवर, सपाट जागी ठेवा. कड्याजवळ किंवा ओढ्याजवळ नको, कारण अस्वल तो लाथाडत नेतं. त्याला दोरी बांधू नका. अस्वल दिसलं तर पळू नका, सगळे एकत्र उभे राहून भांडी वाजवा, ओरडा. पण एकदा त्याच्या हाती अन्न लागलं की परत मिळवायला जाऊ नका.

उंदीर लहान असला तरी दुर्लक्ष नको. इथल्या उंदरांच्या लेंड्यांतून हंटाव्हायरस पसरतो. बंद झोपडी किंवा साठवणीची खोली वापरायची वेळ आली तर कोरडी झाडू नका. आधी दारं उघडून हवा खेळू द्या, मग ब्लीचच्या पाण्याने ओलं करून पुसा.

परमिटची आकडेमोड

जॉन म्यूर, ॲन्सेल ॲडम्स, हूवर आणि गोल्डन ट्राउट या संरक्षित रानांत रात्र काढायला वर्षभर परमिट लागतं. 1 मे ते 1 नोव्हेंबर या काळात प्रत्येक वाटेवरून रोज किती जण आत जाऊ शकतात याचा कोटा असतो. त्यातल्या 60 टक्के जागा सहा महिने आधी आणि उरलेल्या 40 टक्के दोन आठवडे आधी खुल्या होतात. लोकांना पहिला भाग माहीत असतो, दुसरा नाही. सहा महिन्यांपूर्वी हुकलं म्हणून सहल रद्द करू नका. कोटा फक्त आत शिरायच्या दिवसाचा आणि शिरायच्या वाटेचा असतो. म्हणून शनिवारऐवजी सोमवार टाकला किंवा शेजारच्या वाटेने सुरुवात केली तर बऱ्याचदा काम होतं. परमिट ज्याच्या नावावर तो माणूस बरोबर हवा, म्हणून पर्यायी पुढाऱ्याचं नाव सुरुवातीलाच भरा.

एका दिवसात जाऊन यायच्या चालीला परमिट लागत नाही, अपवाद व्हिटनीचा. तिथे दिवसाच्या चालीलाही लागतं आणि ते सोडतीने मिळतं. अर्ज फेब्रुवारीत भरायचे; रोज 100 जण दिवसाचे आणि 60 जण मुक्कामाचे. जाऊन-येऊन 35 किलोमीटर, चढ 6,100 फूट. एका दिवसात करणारे मध्यरात्री 2 ला निघतात. विष्ठा त्या वाटेवर पुरायची नाही, खास पिशवीत भरून खाली आणायची.

पहिल्या भेटीला व्हिटनी कशाला? रॉक क्रीकच्या रस्त्याने 10,300 फुटांवरच्या मॉस्क्विटो फ्लॅटपर्यंत गाडी जाते. तिथून लिटल लेक्स व्हॅलीची वाट जवळजवळ सपाट आहे; दोन-तीन तासांत पाच-सहा तळी आणि चहूबाजूंनी 13,000 फुटांची शिखरं. आठ वर्षांचं पोरही करतं. फक्त गाडी लावायला सकाळी 7 च्या आत पोहोचा.

दुसरी वाट व्हाइट माउंटनची, ब्रिसलकोन पाइनसाठी. बिग पाइन गावात पेट्रोल आणि पाणी भरूनच चढा, वर दोन्ही नाही. शूलमन ग्रोव्ह 10,100 फुटांवर, तिथपर्यंत डांबर. मेथुसेलाह हे 4,800 वर्षांहून जुनं झाड याच राईत आहे. नेमकं कुठलं ते मुद्दाम सांगितलेलं नाही. त्या परिसरात मुक्काम 8,600 फुटांवरच्या ग्रँडव्ह्यूला, तोही बिनपाण्याचा. रात्रीचं आभाळ बघायचं असेल तर आम्ही याच जागेला पहिली पसंती देऊ. वाळकी काटकीसुद्धा उचलू नका. इथल्या मेलेल्या खोडांच्या वलयांवरूनच आठ हजारांहून अधिक वर्षांचं हवामान आणि कालगणना मांडली गेली आहे. सरपण समजून कोणी जाळलं तर एखादं शतक जातं.

पाणी, संडास, वीज

ओढ्याचं पाणी काचेसारखं दिसलं तरी त्यात पोट बिघडवणारा जिआर्डिया हा परजीवी असू शकतो. 0.1 मायक्रॉनचा फिल्टर वापरा किंवा खळखळून उकळा. 6,500 फुटांच्या वर पूर्ण तीन मिनिटं. पोकळ तंतूंचा फिल्टर एकदा गोठला की आतून चिरतो आणि बाहेरून काहीच कळत नाही, म्हणून रात्री तो स्लीपिंग बॅगेत घ्या.

संडास नसेल तिथे पाणी, वाट आणि तंबू यांपासून 60 मीटर दूर, 15 ते 20 सेंटिमीटर खोल खड्डा. छोटं खुरपं जवळ ठेवा. कागद पुरू नका. कोरड्या मातीत तो वर्षानुवर्षं राहतो आणि कोल्हे उकरतात. पाणी वापरणाऱ्यांनी बाटली भरून न्यावी आणि धुणं त्याच खड्ड्यावर करावं, ओढ्याकाठी नव्हे. भांड्यांचं पाणीही गाळून, चहाचा चोथा पिशवीत घेऊन, तेवढ्याच अंतरावर पसरून टाका. केळीची सालं इथे कुजत नाहीत, वाळून राहतात.

जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी ढग चढतात. बाराच्या आत खिंडीवरून किंवा धारेवरून उतरायला लागा. गडगडाट ऐकू आला म्हणजे वीज टप्प्यात आली. एकट्या उंच झाडाखाली थांबू नका, एकमेकांत अंतर ठेवा. जूनमध्ये बर्फाचे ओढे ओलांडायचे असतील तर पहाटे. दिवसभर वितळलेलं पाणी संध्याकाळी गुडघ्यावरून मांडीपर्यंत चढतं. सॅकचा कंबरपट्टा सोडून पाण्यात उतरा. दऱ्यांत मोबाइल लागत नाही, तेव्हा नकाशे आधी उतरवा आणि कुठल्या वाटेने, कधी परतणार हे घरी लिहून द्या.

परतीचा उतार

लोन पाइनच्या वरच्या हॉर्सशू मेडोजपासून खोऱ्यात येताना रस्ता सहा हजार फूट उतरतो, व्हिटनी पोर्टलपासून साडेचार हजार. भरलेली गाडी सतत ब्रेकवर पाय ठेवून उतरवली तर जळका वास येतो आणि पेडल मऊ लागतं. ब्रेक निकामी व्हायची ही सुरुवात. वरूनच खालचा गिअर टाका. ऑटोमॅटिक असेल तर 'एल' किंवा '2'. ब्रेक अधूनमधून, जोरात आणि थोडा वेळ दाबून सोडा. वास आलाच तर रस्त्याकडेच्या रुंद जागी थांबा, चाकांना दगडांची उटी लावा आणि वीस मिनिटं गाडी निवू द्या. तापलेल्या चकतीवर पाणी ओतू नका, ती तडकते.